आयएनएस राजपूत: गाझी बाजूला ठेवून थोडं बोलूया का?

गलबतवाला

१९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की पाकिस्तानची गाझी पाणबुडी येते, गाझी आली की आपली राजपूत येते, आणि राजपूतबद्दल आपण एकाच मुद्द्यावर भांडतो: तिने गाझी बुडवली की नाही. गाझी बुडाली त्या रात्रीच्या आधी या विनाशिकेची (डिस्ट्रॉयरची) २९ वर्षांची नोकरी झाली होती, ती कोणी बघतच नाही. म्हणून हा धागा.

जन्म स्कॉटलंडचा. क्लाइड नदीकाठी क्लाइडबँकला जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत बांधणी झाली. २१ मार्च १९४२ ला जलावतरण, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलात दाखल. तेव्हाचं नाव एचएमएस रॉदरहॅम, यॉर्कशरमधल्या पोलादाच्या गावावरून ठेवलेलं. 'आर' वर्गाच्या आठ विनाशिका होत्या: रॉदरहॅम, रेसहॉर्स, रेडर, रॅपिड, रिडाउट, रिलेंटलेस, रोबक आणि रॉकेट. त्यांतली रॉदरहॅम ही ताफाप्रमुख, म्हणजे विनाशिकांच्या तुकडीचा कॅप्टन हिच्यावर बसायचा. लांबी साधारण १०९ मीटर, वजन १७५० टनांच्या आसपास, ४.७ इंची चार तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या आणि मागे डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे बाँब.

या वर्गात एक बदल झाला होता, तो मला फार आवडतो. त्याआधीच्या विनाशिकांवर अधिकाऱ्यांच्या खोल्या पार मागे, नाळेच्या विरुद्ध टोकाला. शेकडो वर्षांची रीत. उत्तर अटलांटिकच्या वादळात डेकवरून लाटा जात असताना अधिकाऱ्याने झोपेतून उठून पुलावर, म्हणजे नौका जिथून चालवतात तिथे, पोचायचं कसं, हा विचार रीत मोडून कोणी केला नव्हता. 'आर' वर्गात त्या खोल्या मधल्या भागात आणल्या. युद्ध सुरू झाल्यावर शहाणपण लवकर येतं.

रॉदरहॅमच्या युद्धातला मोठा भाग आपल्याच बाजूला गेला, हिंदी महासागरात, ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या ताफ्याबरोबर. जहाजांच्या काफिल्यांना सोबत करायची, विमानवाहू नौकांभोवती कडं धरायचं, पाणबुड्या हुडकायच्या. या कामाची वर्णनं कोणी लिहीत नाही, कारण ते नीट झालं तर काहीच घडत नाही.

सप्टेंबर १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर सिंगापूरच्या नौदल तळाचा ताबा घ्यायला ही नौका गेली. कॅप्टन होते हिलरी बिग्ज. त्या तळाच्या एका फाटकाला पुढे रॉदरहॅम गेट असं नाव पडलं. हेच बिग्ज पुढे व्हाइस अॅडमिरल होऊन ब्रिटिशांच्या ईस्ट इंडीज स्टेशनचे प्रमुख झाले. १९५८ मध्ये ते स्टेशनच बंद झालं. त्यांची जुनी नौका तोवर आपल्या तिरंग्याखाली आली होती.

१९४९ मध्ये भारताने तीन 'आर' विनाशिका घेतल्या. रॉदरहॅमची राजपूत झाली, रिडाउटची रणजित आणि रेडरची राणा. तिघींचं ११ वं विनाशिका पथक. आधीच्या वर्षी आलेली क्रूझर दिल्ली आणि या तिघी म्हणजे त्या काळचं आपलं नौदल, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. (दिल्ली म्हणजे पूर्वीची अकिलिस, जी १९३९ मध्ये जर्मनांच्या ग्राफ श्पेशी लढली होती.)

गोव्याच्या मंडळींसाठी: डिसेंबर १९६१ च्या ऑपरेशन विजयमध्ये राजपूत होती. मार्मागोव्याच्या बंदरात आल्फोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज नौकेशी भिडल्या त्या बेटवा आणि बियास. राजपूत होती विमानवाहू नौका विक्रांतच्या गटात, दिल्ली, कुठार, किरपाण आणि खुकरी यांच्याबरोबर, किनाऱ्यापासून दूर. बाहेरून कोणी मदतीला आलं तर अडवायला. कोणी आलं नाही. पुन्हा तेच, काम नीट झालं आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही.

१९७१ पर्यंत ती मोडीत निघायच्या रांगेत होती. आणि मग तिला विक्रांतचं सोंग घ्यायला सांगितलं गेलं. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोयीचं पडेल: राजपूतचं खरं कर्तृत्व ते सोंग. तिचे डेप्थ चार्ज गाझीला लागले की नाही हा वाद चालू राहू दे, पण सोंग वठलं याबद्दल फारसा वाद नाही आणि श्रेय मात्र त्याचं कोणी देत नाही.

लोहगड

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, रणवाद्य येतीलच.

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. विक्रांत २०० मीटरच्या आसपास लांब, वर विमानं. राजपूत तिच्या निम्मी. आंधळा माणूस तरी फसेल का? पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून बघितलं की संपलं.

गलबतवाला

@शंकासुर, बघायची वेळच येऊ द्यायची नव्हती. सोंग होतं ते कानांसाठी.

आधी परिस्थिती. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे तिचा वेग फार उतरला होता. पाकिस्तानकडे फ्रान्सकडून घेतलेल्या डाफ्ने वर्गाच्या पाणबुड्या होत्या, पण कराचीहून निघून सगळ्या भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरात काम करून परतण्याएवढा पल्ला फक्त गाझीचा होता. गाझी म्हणजे अमेरिकेची युएसएस डियाब्लो, १९४४ चं जलावतरण, १९६४ मध्ये पाकिस्तानला भाड्याने दिलेली. १४ नोव्हेंबर १९७१ ला ती कराचीहून निघाली. कमांडर जफर मुहम्मद खान. काम दुहेरी: विक्रांत शोधून बुडवायची आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशी सुरुंग पेरायचे.

ती येतेय हे आपल्याला कळलं ते एका तेलामुळे. पाकिस्तानी नौदलाच्या पूर्वेकडच्या लोकांनी एका विशिष्ट वंगणाची चौकशी केली, तो संदेश आपल्या लोकांनी पकडला. ते वंगण पाणबुड्या आणि सुरुंग काढणाऱ्या नौकाच वापरतात. म्हणजे इकडे कोणतीतरी पाणबुडी येणार, आणि येऊ शकणारी एकच.

नौदलाच्या पूर्व कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांत अंदमानात एका जागी नेऊन लपवली. त्या जागेला सांकेतिक नाव 'पोर्ट एक्स-रे'. आणि राजपूतला विशाखापट्टणमपासून सुमारे १६० मैलांवर पाठवलं. हुकूम असा की बिनतारी संदेशांचा मारा करायचा, मोठ्या नौकेवरून जेवढे जातात तेवढे. एरवी समुद्रात गप्प राहायला शिकवलेल्या नौकेला बडबड करायला सांगितली. त्याच वेळी मद्रासला कळवलं की विक्रांत येणार आहे, धक्क्यावर जागा ठेवा. ठेकेदारांकडे भाजी आणि मांसाच्या मोठ्या मागण्या गेल्या. बाजारात बातमी फुटावी हाच हेतू.

आणि कळस म्हणजे एक खासगी तार. विक्रांतवरच्या एका खलाशाने आजारी आईची चौकशी केल्याची, मुद्दाम साध्या भाषेत पाठवलेली. ऐकणाऱ्याला वाटावं, बघा यांची शिस्त, युद्ध तोंडावर आलंय आणि घरच्या तारा चालल्यात.

शेवंता

ती तार फार आवडली. कुठल्याही भाषेत, कुठल्याही देशात पटेल असं खोटं निवडलं. आईचं आजारपण कोण तपासायला जातंय?

बाकी एक विचारते. राजपूतवरच्या लोकांना काय वाटत असेल? म्हणजे पाणबुडी विक्रांतला शोधतेय, आणि आपण ओरडून सांगतोय की मी विक्रांत. टॉर्पेडो आला असता तर यांनाच.

बाष्पयंत्र

शेवंता, म्हणूनच ही नौका निवडली. कठोर वाटेल, पण मोडीत निघणारी नौका गेली असती तर हिशेबात कमी नुकसान. नौकेचं. माणसांचा हिशेब वेगळा, पण युद्धात तो त्याच वहीत मांडतात.

आयुष्य इंजिनरूममध्ये गेलंय, तेव्हा माझ्या खात्यातलं थोडं. 'आर' वर्गाच्या या नौकांत अॅडमिरल्टी तीन-ड्रमवाले दोन बॉयलर, पार्सन्स टर्बाइन आणि ४०,००० अश्वशक्ती. १७५० टनांच्या नौकेला ४०,००० म्हणजे काय, तर मालवाहू जहाजावर आम्ही याच्या चौथ्या हिश्श्यात पाच-सहापट वजन ओढायचो. नव्या असताना या ३२ ते ३६ नॉट पळायच्या. पण बॉयलरच्या नळ्या वय विसरत नाहीत. क्षार बसतो, भिंत पातळ होते, मग मुख्य इंजिनियर दाब कमी ठेवायला सांगतो आणि पुलावरचे लोक त्याला शिव्या घालतात. गंमत बघा, दहा वर्षांच्या विक्रांतचा बॉयलर तडकलेला आणि २९ वर्षांच्या राजपूतला ऐन वेळी वेग मिळाला. त्या रात्री खालच्या भट्टीघरात जे कोणी होते त्यांची नावं कुठल्या पुस्तकात येत नाहीत. त्यांना माझा सलाम.

रणवाद्य

आलो! लोहगड, पॉपकॉर्न इकडेपण द्या.

धागा छान, पण लेखकाने मखलाशी केली आहे. "सोंग हेच कर्तृत्व" म्हणजे काय? राजपूतचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना वीरचक्र मिळालं ते बडबड केल्याबद्दल नाही. ३ डिसेंबरच्या रात्री मध्यरात्रीच्या थोडं आधी, विशाखापट्टणमला परतलेली राजपूत पुन्हा बंदराबाहेर पडली. बंदराचा पायलट, म्हणजे वाटाड्या, बाहेरच्या बोयाजवळ उतरवला. इंदर सिंगांच्या डोक्यात विचार आला की पाणबुडी असलीच तर इथेच तोंडाशी दबा धरून असेल, पायलट उतरवताना आपण मंद असतो तेव्हाच गाठेल. त्यांनी वेग वाढवला. उजवीकडच्या टेहळ्याने ओरडून सांगितलं की पाण्यात खळबळ दिसतेय. नौका तिकडे वळवून दोन डेप्थ चार्ज टाकले. थोड्याच वेळाने प्रचंड स्फोट झाला, गावातल्या खिडक्या हादरल्या. गाझीतून मिळालेलं घड्याळ रात्री सव्वाबाराच्या सुमाराला बंद पडलेलं. वेळ जुळते, जागा जुळते, खळबळ दिसली, बाँब टाकले, पाणबुडी बुडाली. अजून काय पुरावा हवा?

वाल्टेअरवासी

इथे माझा हातभार. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे विशाखापट्टणमला आलो आणि इथलेच झालो. जुन्या शेजाऱ्यांकडून त्या रात्रीचं लहानपणापासून ऐकतोय. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेच्या विमानतळांवर हल्ले केल्याची बातमी आली होती. लोक जागे होते, कारण इंदिरा गांधी रेडिओवर बोलणार होत्या आणि ते भाषण मध्यरात्र उलटल्यावर झालं. त्यामुळे स्फोट झोपेत ऐकलेला नाही, रेडिओला कान लावून बसलेल्या गावाने ऐकलेला आहे. काहींना भूकंप वाटला, काहींना बंदरावर बाँब पडल्यासारखं वाटलं.

सकाळी मच्छीमारांना तेलाचा तवंग आणि तरंगणाऱ्या वस्तू मिळाल्या. नंतर नौदलाचे पाणबुडे उतरले आणि ती गाझीच असल्याची खात्री झाली. दिल्लीने जाहीर केलं ते ९ डिसेंबरला.

आर. के. बीचवर १९९६ मध्ये 'व्हिक्टरी अॅट सी' स्मारक बांधलंय. समोरच कुरसुरा पाणबुडीचं संग्रहालय आहे. आलात तर दोन्ही बघा, पण कुरसुरात उंच माणसांनी डोकं सांभाळा.

आकडेमोड

रणवाद्य, तुमच्या वेळ-जागा-खळबळ साखळीत एक कच्चा दुवा आहे: ते दोन डेप्थ चार्ज.

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिशांचा नेहमीचा डेप्थ चार्ज घ्या. सुमारे १३० किलो स्फोटक. पाणबुडीचं कवच फोडायचं तर तो सहा-सात मीटरच्या आत फुटायला हवा. त्याच्या दुप्पट अंतरावर फुटला तर नुकसान होतं, पाणबुडीला वर यावं लागतं, पण ती तिथेच फुटत नाही. किती खोलीवर फुटायचं ते पाण्याच्या दाबावर चालणारा खटका ठरवतो, आणि तो आधी लावून ठेवावा लागतो. म्हणून अटलांटिकमध्ये एका वेळी दहा-दहा, चौदा-चौदा टाकायचे. चारही बाजूंनी, वेगवेगळ्या खोलीवर. तरी बहुतेक वेळा पाणबुडी निसटायचीच.

इथे सोनारवर (पाण्याखाली आवाजाने पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्रावर) पक्का संपर्क असल्याचं नोंदलेलं नाही. अंधारात एका टेहळ्याला पाणी ढवळलेलं दिसलं, त्यावर दोन. बंगालच्या उपसागरात पाण्याच्या तापमानाचे थर असतात, त्यांत सोनारचा आवाज वाकतो, उथळ पाण्यात तळावरून गोंगाट परत येतो, त्यात ते यंत्रही १९४० च्या दशकातल्या पिढीचं. त्यामुळे संपर्क न मिळणं हा कोणाचा दोष नाही. पण अशा दोन बाँबनी ९५ मीटर लांबीची पाणबुडी जागेवर फुटणं म्हणजे लॉटरी. लागते कधीकधी. पण लॉटरी.

आणि राजपूत स्फोटानंतर तिथे घुटमळली नाही. काही हाती लागलं नाही असं समजून पुढे पूर्व बंगालच्या किनाऱ्याकडे निघून गेली. पाणबुडी मारल्याचं राजपूतलाच तेव्हा माहीत नव्हतं.

रणवाद्य

बरं, मग फुटली कशाने? आपोआप?

आकडेमोड

तीन शक्यता मांडल्या जातात. एक, राजपूतचे बाँब, थेट नाही तर हादऱ्याने: गाझी घाईने खाली गेली, तळावर आपटली, आतले सुरुंग किंवा टॉर्पेडो फुटले. दोन, तिने स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर ती गेली किंवा पेरताना एखादा फुटला. तीन, बॅटऱ्या चार्ज करताना हायड्रोजन साठला आणि ठिणगी पडली. डिझेल-विजेवर चालणाऱ्या जुन्या पाणबुड्यांचं हे कायमचं भय. सगळ्यांत जास्त नुकसान पुढच्या भागात, आणि तिथलं कवच आतून बाहेर उलटलेलं, असं नंतर सांगितलं गेलं. पुढे टॉर्पेडोघर. तेव्हा शेवटचा मोठा स्फोट आतला, यावर बऱ्याच जणांचं एकमत दिसतं. आतला स्फोट कशाने सुरू झाला, वाद तेवढाच.

तुमचा पहिला पर्याय मी खोडत नाहीये. फक्त "अजून काय पुरावा हवा" याला उत्तर देतोय.

जुने_कागद

घड्याळावर सगळी मदार ठेवण्याआधी लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांचं म्हणणंही बघा. १९७१ मध्ये ते लष्कराच्या पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ होते, म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हेत. त्यांच्या म्हणण्यानुसार कृष्णन यांनी त्यांना ३ डिसेंबरच्या सकाळीच फोन करून सांगितलं की मच्छीमारांना पाणबुडीचे अवशेष मिळालेत, आणि हे देवानेच केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, ही गोष्ट वर कळवली का? जेकब म्हणाले, नाही. तर मग आधीचं बोलणं विसरून जा, असं कृष्णन म्हणाले.

हे खरं असेल तर गाझी १ किंवा २ डिसेंबरलाच बुडाली होती. युद्ध सुरू होण्याआधी. राजपूतने बाँब टाकले तेव्हा खाली मारायला कोणी उरलंच नव्हतं.

शिवाय २०१० मध्ये बातमी आली की गाझीसंबंधीचे नौदलाचे मूळ कागद फार पूर्वीच नष्ट झालेत. जेकब यांनी तेव्हाही हाच मुद्दा लावून धरला.

रणवाद्य

जेकब लष्कराचे. ढाक्याचं श्रेय कोणाचं यावरून लष्करातच आपापसांत किती जुंपली होती, ते नौदलाला कशाला श्रेय देतील!

वाल्टेअरवासी

जुने_कागद, मग गावाने ३ तारखेच्या रात्री ऐकलेला स्फोट कशाचा? राजपूतच्या दोन डेप्थ चार्जचा? तेवढ्याने किनाऱ्यावरच्या तावदानांना हादरा बसेलही. पण जुनी माणसं सांगतात तो आवाज एकच, खूप मोठा. आठवणी पन्नास वर्षांत फुगतात, मान्य. तरी अख्ख्या गावाची तारीख चुकत नाही, कारण त्याच रात्री इंदिराबाईंचं भाषण होतं.

गलबतवाला

हा मुद्दा जेकब यांच्या म्हणण्यापेक्षा मला जड वाटतो. एका माणसाच्या फोनच्या आठवणीत एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो, रेडिओला बांधलेल्या आठवणीत नाही. आणि अॅडमिरल कृष्णन हे राजपूतच्या बाजूचे मुख्य साक्षीदार असले, तरी सापळा त्यांनीच लावला होता. आपल्या सापळ्यात सावज आपल्याच बाँबने मेलं असं वाटायला त्यांना आवडणारच. दोन्ही अधिकारी मोठे, दोघांनाही आपापली ओढ.

मी रणवाद्यांना एवढंच विचारतो: गाझी मुळात विशाखापट्टणमच्या तोंडाशी का होती? विक्रांत अंदमानात होती. २३ नोव्हेंबरच्या सुमाराला गाझी मद्रासजवळ होती असं मानतात, विक्रांत तिथून दहा दिवस आधीच निघून गेली होती. मग ती वर सरकली विशाखापट्टणमकडे, कारण कराचीलाही वाटत होतं की विक्रांत तिथेच आहे. ते वाटायला लावलं कोणी? सुरुंगाने मेली, हायड्रोजनने मेली, राजपूतच्या बाँबने मेली, ती मेली त्या जागी तिला आणून उभं करण्यात राजपूतचा वाटा होता. वीरचक्राला त्याने बाधा येत नाही. पाणबुडी टपून आहे असं पक्कं माहीत असताना त्या तोंडातून अंधारात नौका बाहेर काढली, हे धाडस बाँब लागले की नाही यावर अवलंबून नाही.

कोळीवाडा_मेल

थोडं अवांतर, पण दाव्यांचा विषय निघालाच आहे तर मुंबईची गोष्ट. हीच गाझी १९६५ च्या युद्धात मुंबईजवळ टपून बसली होती. तेव्हा करामत रहमान नियाझी कमांडर. सप्टेंबरच्या शेवटी शेवटी तिने टॉर्पेडो सोडले, आवाज ऐकला आणि पाकिस्तानने दावा केला की ब्रह्मपुत्रा फ्रिगेट बुडवली. त्याबद्दल पदकंही वाटली. मग आपल्या नौदलाने ब्रह्मपुत्रा लोकांसमोर आणून दाखवली, धडधाकट. बघा, हात लावून बघा.

म्हणजे समुद्रात "आवाज आला, म्हणजे बुडवली" हे किती फसवं असतं ते गाझीच्याच इतिहासात आहे. आता तोच न्याय आपल्या बाजूला लावायला नको का?

रणवाद्य

फरक आहे. ब्रह्मपुत्रा तरंगत होती. गाझी तळाशी आहे.

लोहगड

हा वार बसला. :))

शंकासुर

पाकिस्तानकडेही अशाच जुन्या ब्रिटिश विनाशिका होत्या ना? म्हणजे दोघांनी एकाच दुकानातून खरेदी केली?

गलबतवाला

हो. आपण 'आर' वर्ग घेतला, त्यांनी त्याच सुमाराला 'ओ' वर्गाच्या तीन: टिपू सुलतान, तारिक आणि तुघ्रिल. टिपू सुलतान म्हणजे पूर्वीची ऑन्स्लो. ३१ डिसेंबर १९४२ ला बॅरेंट्स समुद्रात हिटलरच्या जड नौकांनी रशियाकडे जाणाऱ्या काफिल्यावर हल्ला केला तेव्हा ऑन्स्लोच्या पुलावर गोळा पडला, कॅप्टन शेरब्रुक यांचा एक डोळा गेला, तरी ते लढत राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नावाजलेपणात ती आपल्या राजपूतच्या कैक पायऱ्या वर. १९६५ मध्ये द्वारकेवर तोफा डागणाऱ्या पाकिस्तानी ताफ्यात हीच टिपू सुलतान होती.

नंतर त्यांनी आणखी घेतल्या. त्यांतली खैबर म्हणजे पूर्वीची कॅडिझ. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीसमोर आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी खैबर बुडवली. गाझी गेली त्यानंतर चोवीस तासही झाले नव्हते. या दोन घटना शेजारी ठेवून बघितल्या तर काळ कसा बदलत होता ते दिसतं: पूर्वेकडे १९४२ ची नौका डोळ्यांनी पाणी बघून पिंपं ढकलतेय, पश्चिमेकडे रशियन छोट्या बोटी रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यावर क्षेपणास्त्र सोडतायत. तोफेची विनाशिका त्या रात्री जुनी झाली. आणि पाचच दिवसांनी आपली खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, १८ अधिकारी, १७६ खलाशी. गोव्याच्या वेळी राजपूतच्या गटात होती तीच खुकरी.

शेवंता

खुकरीचे १९४ आणि गाझीचे ९० च्या वर. एकीकडचे वाचताना घसा दाटतो, दुसरीकडचे आकडा म्हणून येतात. मी तक्रार करत नाहीये. आमच्या शेजारचे काका १९७१ ला नौदलात होते, ते गाझीच्या लोकांना "ती पोरं" म्हणायचे. एवढ्या लांब, एकट्या, पंचवीस-सव्वीस वर्षं जुन्या पाणबुडीत पाठवलेली पोरं.

बाष्पयंत्र

काकांचं बरोबर. जुनी यंत्रं दोन्हीकडे होती. खरं सांगायचं तर त्या रात्री दोन म्हाताऱ्या समोरासमोर आल्या. क्लाइडबँकची १९४२ ची आणि अमेरिकेतल्या पोर्ट्समथची १९४४ ची. दोघी एकाच युद्धासाठी, एकाच बाजूने लढायला बांधलेल्या. तेव्हा भेटल्या असत्या तर एकमेकींना दिव्यांनी खुणा केल्या असत्या.

कोळीवाडा_मेल

गाझी वर काढली का नाही कोणी? आणि तो २०१७ चा सिनेमा, त्यात तर राजपूतला बाजूलाच सारून भारतीय पाणबुडीने बुडवलेली दाखवली आहे. ते कितपत खरं?

वाल्टेअरवासी

सिनेमातली पाणबुडी-विरुद्ध-पाणबुडी लढाई कल्पित. इथल्या कुठल्याच हकिगतीत ती नाही, ना कृष्णन यांच्या बाजूने ना जेकब यांच्या.

वर काढली नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांनीही आपापल्या खर्चाने काढून देऊ केल्याचं सांगतात, भारताने नकार दिला. २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली की नौदलाच्या खोल पाण्यात उतरणाऱ्या बचाव वाहनाने ती पुन्हा शोधून बघितली, किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर. हात लावलेला नाही. आत माणसं आहेत, आणि समुद्रात बुडालेली नौका ही कबरच मानायची अशी दर्यावर्दींची रीत आहे.

शंकासुर

आणि राजपूत? तिचं काय राहिलं?

गलबतवाला

१९७६ मध्ये मोडीत काढली. ३४ वर्षांची होऊन. आठ बहिणींपैकी एकही आज कुठे संग्रहालय म्हणून उभी नाही.

नाव मात्र नौदलाने वापरलं. सोव्हिएत बनावटीची नवी आयएनएस राजपूत ४ मे १९८० ला पोटी बंदरात दाखल झाली आणि २१ मे २०२१ ला विशाखापट्टणमलाच निवृत्त झाली. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या नौकेवरून झालेल्या सुरुवातीच्या चाचण्या हिच्यावरून झाल्या. आंतरजालावर शोधाल तर चित्रं बहुतेक हिचीच येतील, लांबलचक सोव्हिएत डौलाची. गाझीच्या लेखांनाही लोक सर्रास हिचंच चित्र चिकटवतात. चार छोट्या तोफा, एक धुराडं, आणि मागे डेप्थ चार्जची पिंपं दिसली तर समजा जुनी.

रणवाद्य

सोंगाचं श्रेय द्यायला माझी ना नाही, ते तुम्ही नीट मांडलंत. पण बुडवली राजपूतनेच. घड्याळ बघा.

आकडेमोड

घड्याळ कधी थांबलं ते सांगतं. कशाने, ते नाही.

रणवाद्य

चालू द्या. राणा आणि रणजितवर कोणी लिहिणार आहे का? तिघींतल्या दोघींना कोणी विचारत नाही.

गलबतवाला

रणजितवर जमवतोय. राणासाठी बाष्पयंत्र, तुमच्याकडे बर्कनहेडच्या गोदीबद्दल काही असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ती कॅमेल लेअर्डच्या गोदीतली, बाकी दोघी जॉन ब्राउनच्या.